सोलरमध्ये पैसे घालावेत की जमीन भाड्याने द्यावी? (घसारा, जीएसटी आणि इतर भानगडी)

मुरमाड_माणूस
नमस्कार मंडळी,

सांगोला तालुक्यात आमची ९ एकर कोरडवाहू जमीन आहे. नावाप्रमाणेच मुरमाड. बाजरी कधी येते, कधी नुसती पेरल्याची आठवण राहते. वडील सत्तरीचे, सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर. धाकट्या भावाचं कुपवाडला छोटं मशीन शॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मी पुण्यात पगारदार.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ गावी घरी आले. सबस्टेशन आमच्या शेतापासून तीन किलोमीटरवर आहे, हे त्यांना आमच्याआधी माहीत होतं. आईने चहा दिला. तो बशीत ओतून पिता पिता त्यांनी कागदावर असा हिशेब मांडला की वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्यांचं म्हणणं असं: एक तर जमीन सोलर कंपनीला भाड्याने द्या. नाहीतर भावाच्या कंपनीतून तिथेच २ मेगावॅटचा प्रकल्प टाका, ८ कोटींच्या आसपास खर्च, बँक ७० टक्के देते, "४० टक्के घसारा आहे साहेब, पहिल्याच वर्षी टॅक्स झिरो" (घसारा म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी नफ्यातून वजा करता येणारी रक्कम). शिवाय नवी कंपनी काढली तर कर फक्त १५ टक्के. आणि मला वेगळं सुचवलं की तुम्ही २५ लाखांची पॅनल विकत घ्या, आम्ही ती भाड्याने चालवतो, घसारा तुमच्या पगारातून वजा.

ऐकायला सगळं गोड आहे. म्हणूनच शंका येतेय. इथे पवनचक्की, सोलर वगैरेत पैसे घातलेले बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं. कृपया अनुभव सांगा.

झोपाळू_बोका
वाचतोय. वाचनखूण साठवली.

येडी_बाभूळ
बशीत चहा ओतून पिणारा माणूस वाईट असू शकत नाही, या मताचा मी होतो. आता पुनर्विचार.

गल्लीतला_सीए
घाईत आहे, पण तीन गोष्टी लगेच सांगतो, कारण त्या गृहस्थांची फाईल शिळी आहे.

१५ टक्क्यांची गोष्ट: नव्या उत्पादक कंपनीला १५ टक्के दर होता, वीजनिर्मितीही त्यात धरली होती. पण काम ३१ मार्च २०२४ पर्यंत सुरू व्हायला हवं होतं. ते दार बंद झालं. त्याआधी वीज प्रकल्पांना दहा वर्षं करमाफी होती (८०-आयए), तेही दार ३१ मार्च २०१७ नंतर सुरू झालेल्यांना बंद. कुणी हे दोन आकडे अजून दाखवत असेल तर त्याने तुमच्याआधी बऱ्याच जणांना तीच झेरॉक्स दाखवलेली आहे.

पगाराची गोष्ट: धंद्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. घसाऱ्यामुळे झालेला तोटाही नाही. व्याज, घरभाडं, इतर धंद्याचा नफा यातून होईल, पण तुमच्या फॉर्म १६ ला हात लागणार नाही. २५ लाखांचा विषय माझ्यापुरता इथेच संपला.

राहिला भाऊ. घसारा ४० टक्के हे खरं आहे. २२ टक्केवाल्या सवलतीच्या दरात असलेल्या कंपनीलाही तो मिळतो. पण एक सांगा, भावाच्या कंपनीचा करपात्र नफा साधारण किती? आणि महिन्याला वीज किती युनिट लागते? त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मुरमाड_माणूस
सीए साहेब, धन्स. नफा ३५ लाखांच्या आसपास. वीज महिन्याला १७-१८ हजार युनिट.

काटकसर_काका
@गल्लीतला_सीए, पगारातून वजा होत नाही हे खरंच पक्कं आहे का? माझ्या साडूने केलं होतं म्हणे.

गल्लीतला_सीए
काका, साडूंना नोटीस यायला उशीर लागला असेल.

पातं_फिरतंय
या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमची भागीदारी फर्म, यंत्रमागाचा धंदा. २००४-०५ च्या सुमाराला आम्ही एक पवनचक्की घेतली. तेव्हा घसारा ८० टक्के होता (त्याआधी काही वर्षं तर १०० टक्के). सातारच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर तेव्हा अर्धा महाराष्ट्र चक्क्या लावत होता. त्यातल्या निम्म्या लोकांना पठार कुठल्या तालुक्यात आहे हेही माहीत नव्हतं. चक्की म्हणजे वीज करायचं यंत्र असतं हे आम्हाला खूप नंतर कळलं. आधी कळलं होतं की ते टॅक्स वाचवायचं यंत्र असतं.

आमची चक्की मात्र परराज्यात होती. नाव घेत नाही. मार्च महिना. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की घसारा निम्मा, म्हणजे ४० टक्के, आणि आम्ही त्या निम्म्यासाठीही धावत होतो. ३१ मार्चच्या आत चक्की "वापरात" यायला हवी. ३० तारखेला संध्याकाळी क्रेन सरकली, पाती फिरली, मीटरच्या खोलीत सहा जण दाटीवाटीने उभे. वारा नव्हताच. रात्री सव्वाअकरापर्यंत मीटरवर ११ युनिट झाले. तेवढ्याची संयुक्त नोंद करून सह्या घेतल्या. दोन वर्षांनी तपासणीत साहेबांनी विचारलं, कमिशनिंगचा दाखला ठीक आहे, पण वीज निर्माण झाली याचा पुरावा? ती ११ युनिटांची पिवळी पावती पुढे सरकवली. त्या ११ युनिटांनी आम्हाला वाचवलं.

मग पायाचं सिमेंट काँक्रीट ही "चक्की" की "इमारत", यावर वेगळा वाद. इमारत ठरली तर घसारा १० टक्के. साहेबांचं म्हणणं इमारत. आमचे वकील म्हणाले, त्या पायावर चक्कीशिवाय दुसरं काही ठेवून दाखवा. अपिलात आमचं म्हणणं टिकलं.

आता आतबट्ट्याचा भाग. वीज घेणारी कंपनी पैसे द्यायची चौदा-चौदा महिन्यांनी. आम्ही हिशेब मर्कंटाइल पद्धतीने ठेवायचो, त्यामुळे बिल लावलं की उत्पन्न झालं. हातात दमडी नाही आणि आगाऊ कर भरायचाय. बँकेकडून ओव्हरड्राफ्ट काढून न मिळालेल्या पैशावर कर भरलाय मी. उशिराबद्दलचं व्याज करारात होतं, आणि बरीच वर्षं ते करारातच राहिलं. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने थकबाकीवर अधिभाराचे नियम आणले, जुनी थकबाकी ४८ पर्यंत हप्त्यांत द्यायची सोय केली. तेव्हा कुठे गाडी जरा रुळावर आली.

आणि नवव्या वर्षी गिअरबॉक्स गेला. जून महिना. पवनचक्कीची कमाई मे ते सप्टेंबर, बाकीचं वर्ष ती शोभेला. इतक्या उंचीवर पोहोचणारी क्रेन मिळायला तीन महिने. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या करारात "९५ टक्के उपलब्धता" लिहिलेली होती, फक्त ती मोजणार कोण, तर तीच कंपनी.

असो. मोठं झालं.

येडी_बाभूळ
११ युनिट! एवढ्यात आमच्याकडे गिझरपण तापत नाही नीट.

झोपाळू_बोका
पातं, अफाट प्रतिसाद. दंडवत.

हिशेबी_हरी
@पातं_फिरतंय, सगळं मान्य, पण सरसकट निष्कर्ष नको. ८० टक्क्यांच्या काळात ज्यांनी घेतल्या त्यांनी खूप कमावलं हेही खरं आहे. महाराष्ट्रात २००३ च्या नोव्हेंबरमध्ये वीज नियामक आयोगाने पवनचक्कीच्या विजेला युनिटमागे ३.५० रुपये आणि दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांचा दर बांधून दिला. तो दर आणि हा घसारा, दोन्ही ज्यांच्या पदरात पडलं ते आजही दिवाळीला कॅलेंडरवर पवनचक्कीच छापतात.

पातं_फिरतंय
हरीभाऊ, तेरा वर्षं संपल्यावर काय झालं तेही सांगा की. करार संपला आणि चक्की मात्र अजून फिरतेय. नव्या दराला विचारलं तर अडीच रुपयांच्या आसपासची बोली. यंत्र फुकट झालंय म्हणून ठीक, पण देखभालीचा खर्च वाढलेला, सुटे भाग मिळत नाहीत, कारण ते मॉडेल बनवणंच बंद झालं.

घसाऱ्याचंही तेच. २०१२ च्या एप्रिलपासून पवनऊर्जेचा वाढीव घसारा काढून टाकला, एकदम १५ टक्क्यांवर. त्या वर्षी देशातल्या नव्या चक्क्या जवळपास निम्म्यावर आल्या. २०१४ ला परत ८०. २०१७ च्या एप्रिलपासून ४०, सोलरलाही तेच. पाच वर्षांत तीनदा. पंचवीस वर्षांचं यंत्र घ्यायचं आणि त्याचं गणित दर अर्थसंकल्पाला बदलायचं!

गल्लीतला_सीए
आता मुरमाड यांच्याकडे वळतो. आकडे दिलेत त्यामुळे सोपं झालं.

८ कोटींवर ४० टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ३ कोटी २० लाख घसारा (सप्टेंबरअखेरच्या आत सुरू झाला तर. मार्चमध्ये झाला तर १ कोटी ६० लाख). आणि नफा ३५ लाख. विजेची कमाई धरली तरी एवढा घसारा खाणार कोण? कर शून्य होईल हे त्या गृहस्थांचं खरं आहे, पण तो ३५ लाखांवरचा शून्य होईल, म्हणजे वाचले पावणेनऊ-नऊ लाख. बाकीचा घसारा पुढे ओढत न्यायचा. ओढता येतो, मुदत नाही, पण ज्या दणक्यासाठी हे सगळं चाललंय तो दणका तुमच्या वाट्याला येत नाही. वाढीव घसारा हे मोठ्या नफ्याच्या माणसाचं औषध आहे.

दुसरं, घसारा म्हणजे सूट नाही. आज जास्त घेतला की उद्या कमी उरतो. कर पुढे ढकलला जातो, एवढंच.

हिशेबी_हरी
"एवढंच" कसं? साडेनऊ-दहा टक्क्यांनी कर्ज काढणाऱ्याला आजचे ९ लाख आणि सात वर्षांनंतरचे ९ लाख सारखे नाहीत. ढकलण्याचीच तर किंमत असते.

गल्लीतला_सीए
हरीभाऊ, मान्य. "एवढंच" मागे घेतो. पण ढकलण्याची किंमत म्हणजे व्याज, मुद्दल नव्हे. दलाल मुद्दल दाखवतात.

काटकसर_काका
जीएसटीचं कुणी बोललं नाही अजून.

इन्व्हर्टरवाला
काका, मी बोलतो. आमचं काम बसवायचं, त्यामुळे हे रोज भोगतो.

सोलरच्या कंत्राटात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, प्रत्यक्षात काहीही असो. मालावर आधी ५ टक्के होता, सेवेवर १८, एकत्र ८.९ टक्के. २०२१ च्या ऑक्टोबरपासून मालावर १२ केला, एकत्र १३.८. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावर परत ५, म्हणजे फिरून ८.९. ८ कोटींच्या कामात या फरकाचे जवळजवळ ३९ लाख होतात. एका गिऱ्हाईकाचं अर्धं बिल २१ तारखेच्या आधीचं होतं आणि अर्धं नंतरचं. त्या महिन्यात मी पॅनलपेक्षा बिलंच जास्त उचलली.

खरी गोम पुढे आहे. विजेवर जीएसटी नाही. लोकांना वाटतं बरं झालं. अहो, वीज विकणाऱ्याचं तेच दुखणं. विक्रीवर कर नाही म्हणून खरेदीवरच्या कराचं इनपुट क्रेडिट नाही. पॅनल, केबल, देखभाल, सगळ्यावर भरलेला जीएसटी खर्चात बुडाला. तीच पॅनल कारखान्याच्या छतावर टाकली आणि वीज स्वतःच्या करपात्र मालासाठी वापरली, तर क्रेडिट मिळतं.

गल्लीतला_सीए
बरोबर. फक्त क्रेडिट घेतलं तर त्या जीएसटीच्या रकमेवर घसारा धरायचा नाही. दोन्हीकडून खाल्लं की पोट बिघडतं. ज्यांना भांडवली अनुदान मिळतं त्यांचंही तसंच, अनुदान किमतीतून वजा करून मग घसारा.

भट्टीवाला_कोल्हापूर
आमची फाउंड्री. आम्ही चार कारखान्यांनी मिळून ग्रुप कॅप्टिव्ह केलाय (म्हणजे स्वतःच्या वापरासाठी भागीत टाकलेला वीज प्रकल्प), म्हणून सांगतो. मुरमाडराव, २ मेगावॅट तुम्हाला कॅप्टिव्ह म्हणून जमायचाच नाही. नियम असा, वापरणाऱ्यांचा भांडवलात किमान २६ टक्के हिस्सा आणि वर्षभरातल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापर त्यांचाच. २ मेगावॅट म्हणजे वर्षाला ३० लाख युनिटच्या वर. तुमचं शॉप वापरतं दोन-सव्वादोन लाख. बाकी वीज काय भाऊ खांद्यावर घेऊन कुपवाडभर विकणार?

कॅप्टिव्ह का पाहिजे, तर त्याला क्रॉस सबसिडी अधिभार (वीज कंपनी सोडून बाहेरून वीज घेणाऱ्यावरचा जादा आकार) लागत नाही, आणि अतिरिक्त अधिभारही लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या डिसेंबरात सांगितलं. सगळी मलई तिथंच आहे. पण एखाद्या वर्षी ५१ टक्के भरले नाहीत तर त्या वर्षापुरता अख्ख्या प्रकल्पाचा कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि अधिभार सगळ्यांच्या बोडक्यावर. आमच्यातला एक जण मंदीत दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आला. त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही बाकीचे तिघं भट्ट्या चालवून युनिट पुरे करत होतो. लोखंडापेक्षा युनिट महाग झालं.

मग त्या गड्याला बाहेर पडायचं होतं. करारात लिहिलेलं, शेअर दर्शनी किमतीला परत द्यायचे, १० रुपयांना. तेव्हा सीए म्हणाले, थांबा, पुस्तकी किंमत ३० च्या वर आहे. कमी भावात दिले तर देणाऱ्याला ३० धरून भांडवली नफा, आणि घेणाऱ्याला मधला फरक उत्पन्न म्हणून. पैसे कुणाच्याच खिशात नाहीत आणि कर दोघांना! करार करताना हे कुणी सांगत नाही. सही करताना सगळे पेढे खातात.

आणि दिवसाची जास्तीची वीज संध्याकाळच्या वापरात वळती करता येते का, यावर खरं गणित. आता राज्यात स्वस्त विजेचे तास सकाळी ९ ते संध्याकाळी ५, म्हणजे नेमके आमच्या पॅनलचे. आयोगाचा आदेश, फेरविचार, कोर्ट, सगळं झालंय. मी हल्ली वर्तमानपत्रात आधी वेळापत्रक बघतो, मग राशिभविष्य.

येडी_बाभूळ
"भाऊ खांद्यावर घेऊन" 😂 मेलो.

म्युनिकचा_मावळा
इथला अनुभव, थोडं अवांतर. जर्मनीत छतावरच्या ३० किलोवॅटपर्यंतच्या सोलरवर २०२२ पासून आयकर नाही, २०२३ पासून पॅनल घेताना व्हॅट शून्य. त्याआधी दहा पॅनलवालाही "उद्योजक" ठरायचा आणि चार युरोच्या उत्पन्नासाठी बारा पानी फॉर्म भरायचा. सरकारलाच कंटाळा आला असावा.

पण इथे दुसरंच दुखणं. वसंतातल्या रविवारी ऊन कडक पडतं, कारखाने बंद, आणि बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीपासून नव्या प्रकल्पांना असल्या तासांचे पैसेच मिळत नाहीत. माझी बाल्कनीतली ८०० वॅटची दोन पॅनल आहेत. रविवारी दुपारी बायको मुद्दाम वॉशिंग मशीन लावते. भट्टीवाले दादा म्हणतात त्या ९ ते ५ च्या गोष्टीचा हा पुढचा अंक समजा.

ठसकेबाज
धागा सांगोल्यावरून म्युनिकला पोचला. शंभरी होणार.

विद्युत_वीर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

झोपाळू_बोका
वीरांनी काय लिहिलं होतं? कुणी वाचलं का?

ठसकेबाज
सरकारवर होतं. नेहमीचं.

जतकर
जमीन भाड्याने दिलेला माणूस मी. आमची ११ एकरं, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के वाढ. ज्वारीला एवढे पैसे आजोबा-पणजोबांच्या जन्मात कुणी दिले नाहीत, हे आधी सांगतो. ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, त्यामुळे गावानं आडकाठी केली नाही.

पण माझ्याकडं दोनदा कंपन्या आल्या. पहिलीनं १० हजार टोकन दिलं आणि "आगाऊ करार" म्हणून सही घेतली. त्यात बारीक अक्षरात होतं की १८ महिने जमीन दुसऱ्याला द्यायची नाही. प्रकल्प काही आला नाही. ना भाडं, ना पेरणी. दोन हंगाम पडीक. दुसरी कंपनी आली ती बरी निघाली. पण वर्षभरात तिची मालकीच बदलली. करार एकीशी, चेक दुसरीचा. कायद्यानं चालतं म्हणे. भाडं येतंय तोवर माझं काय म्हणणं नाही.

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल तर आधी उतरवून घ्या. तिथं आमचे चार महिने गेले. आणि पंचवीस वर्षांनी खांब, काँक्रीट कोण काढणार ते लिहून घ्या. मी घेतलं नाही. पोरं शिव्या देतील मला, तेव्हा मी नसेन हे एक बरं.

सौ_तीळगूळ
जतकर भाऊ, पॅनलखाली काही उगवतं का हो? आमच्या माहेरी कुणीतरी मेंढरं सोडतात म्हणे.

जतकर
गवत माजतंय ताई, लई. कंपनी कापायला माणसं लावते. मी म्हणलं माझी मेंढरं सोडतो, फुकटात काम होईल. साहेब म्हणाला केबल खातील. मेंढरू केबल खात नाही हे त्याला कोण सांगणार. पॅनल धुवायला मात्र टँकर येतो. आमच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर येत नाही, पॅनलला येतो.

सौ_तीळगूळ
😐

काटकसर_काका
भाड्यावर कर किती? शेतीचं उत्पन्न करमुक्त ना?

गल्लीतला_सीए
जमीन शेतीची असली तरी सोलरचं भाडं शेतीचं उत्पन्न नाही. करपात्र. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

मुरमाड यांचं गणित: ९ एकर म्हणजे ३.६४ हेक्टर, सव्वा लाखाने ४ लाख ५५ हजार. महिन्याला ३८ हजारांच्या आत. एप्रिल २०२५ पासून महिना ५० हजारांपर्यंतच्या भाड्यावर टीडीएस कापत नाहीत. म्हणून लोक समजतात कर नाही. कापला नाही याचा अर्थ देणं नाही असा होत नाही, रिटर्नमध्ये दाखवायचंच. वडिलांचं दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलत आहे, त्यांना भरावं काहीच लागणार नाही. हेच भाडं तुमच्या नावावर आलं असतं तर ३० टक्क्यांच्या पट्टीत गेलं असतं. सातबारा वडिलांच्या नावावर आहे तो तसाच राहू द्या.

जीएसटी: वडिलांची उलाढाल २० लाखांच्या खाली, नोंदणी नको. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा नोंदणी नसलेल्या मालकाच्या भाड्यावर १८ टक्के घेणाऱ्या कंपनीने भरायचे. इन्व्हर्टरवाल्यांनी सांगितलं तसं तिला क्रेडिट नाही, म्हणजे तिच्या दृष्टीने भाडं १८ टक्क्यांनी महाग. योजनेबाहेरचा खासगी व्यवहार असेल तर ती हे तुमच्याकडून पिळून घ्यायला बघेल. करारात "कर वगळून" हे दोन शब्द हवेत.

शेवटचं. गावाकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफा लागत नाही, तो ती शेतजमीन आहे म्हणून. वीस वर्षं पॅनल उभी राहिल्यावर तिला शेतजमीन म्हणायचं का, यावर भांडण होऊ शकतं. ५४बी ची सूट (शेतजमीन विकून दुसरी घेणाऱ्याची) तर आधीची दोन वर्षं शेती केली असेल तरच. विकायचा विचार असेल तर आधी विका.

हिशेबी_हरी
सीए साहेब, हे सगळं फी न घेता! नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेवढं सांभाळा. ५४बी शोधायला गेलात तर तिथे भलतंच काही बसलेलं असेल.

गल्लीतला_सीए
हो ना. पंचवीस वर्षं पाठ केलेलं सगळं गेलं. बायको म्हणते, आता तरी घरचा पत्ता पाठ करा.

मुरमाड_माणूस
सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण गावी गेलो होतो, भावालाही बोलावलं होतं.

त्या गृहस्थांना फोन करून ३१ मार्च २०२४ बद्दल विचारलं. म्हणाले, "साहेब, मुदत वाढणार आहे, आतली बातमी आहे." माझे २५ लाख एफडीत आहेत, तिथेच राहतील.

२ मेगावॅटचा विषय भावानेच संपवला. भट्टीवाल्यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. "खांद्यावर" वर तो हसला नाही, पण मग बँकेचा अर्ज घडी करून खिशात ठेवला.

जमिनीचं असं ठरलं की योजनेतलीच कंपनी, थेट मसुदा मागायचा, आगाऊ करार नाही, आणि जतकरांचा काँक्रीटचा मुद्दा पहिल्या पानावर. पण वडील ९ पैकी ७ एकरच द्यायला तयार आहेत. विहिरीजवळची दोन एकरं नाही. विहिरीला पाणी नाही, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणाले, उद्या लागलं तर?

भावाचा आता शेडच्या छतावर टाकायचा विचार आहे. शेड ६० बाय १८० फूट. इन्व्हर्टरवाले, काय म्हणता?

इन्व्हर्टरवाला
हे बोललात! १०० किलोवॅट आरामात. वर्षाला १ लाख ४० हजार युनिट धरा. बिल युनिटला ९ रुपये पडत असेल तर साडेबारा लाखांच्या घरात वाचतात. खर्च ५० लाखांच्या आत. वीज त्याच कारखान्यात वापरता, जीएसटीचं क्रेडिट मिळेल. आणि रविवारी शॉप बंद असेल तर नेट मीटरिंग (उरलेली वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा) घ्याच.

गल्लीतला_सीए
आणि ५० लाखांवर ४० टक्के म्हणजे २० लाख घसारा, नफा ३५ लाख, पूर्ण खपला. पहिल्या वर्षी ५ लाखांच्या आसपास कर कमी. इथे घसारा खऱ्या अर्थाने कामाला येतो. सप्टेंबरच्या आत सुरू करा, आणि पातं यांच्यासारखी मीटरची पावती जपून ठेवा.

पातं_फिरतंय
लॅमिनेट करा. माझी आता वाचता येत नाही.

इन्व्हर्टरवाला
एक राहिलं मुरमाडराव. शेडवर पत्रे कसले आहेत?

मुरमाड_माणूस
सिमेंटचे. १९९४ चे.

इन्व्हर्टरवाला
मग थांबा. त्यावर माणूस चढवायची माझी तयारी नाही, पॅनल तर लांबच. आधी लोखंडी पत्र्याचं कोटेशन घ्या, मग बोलू.

येडी_बाभूळ
पत्र्यावर घसारा किती हो सीए साहेब?

गल्लीतला_सीए
१० टक्के. इमारत.

पातं_फिरतंय
आमच्या वकिलांचा नंबर देऊ का?